आट्याला साल नसतं

"बसला," मामंजी म्हणाले.

डोळे मिटून म्हणाले. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण समोरच्या बाकड्यावर चहा पीत बसलेली माणसं बघत असली की ते मिटायचेच. डिझेल फिल्टरचा तो पत्र्याचा डबा त्यांनी दोन बोटांनी फळीवरच्या बोल्टवर फिरवला, आटे धरले, डबा घट्ट झाला आणि बाकड्यावरून कुणीतरी "वा तात्या" म्हणालं. मग त्यांनी डोळे उघडले आणि फिल्टर परत काढून बाबालाल मेकॅनिकच्या हातात दिला.

वाईच्या बाजारपेठेत आमचं मोटारींच्या सुट्या पार्टांचं दुकान होतं. माझे सासरे त्रिंबक शेटे, गावाचे तात्या, माझे मामंजी. त्यांच्या काउंटरच्या कडेला एक लांब फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर जुन्या जीपांचे, टेंपोंचे, ट्रॅक्टरचे नाना मापांचे बोल्ट उभे केलेले होते. मेकॅनिक जुना पार्ट घेऊन आला की मामंजी तो या फळीवर कुठे बसतो ते बघत, मग त्याच बोल्टवर नवा पार्ट फिरवून बघत. बसला की झालं. बसला म्हणजे बरोबर. कंपन्यांचे कॅटलॉग येत, पण ते देवाच्या फोटोखाली टेकू म्हणून लावलेले असत. साताऱ्यापर्यंत या फळीची ख्याती होती.

मला तिची किळस यायची. पन्नास वर्षांचं ग्रीस तिच्यावर थरांनी साचलेलं होतं, आणि मामंजी तंबाखू मळून चुना झटकायचे तोही तिच्यावरच. त्याच हातानं ते चहाचा ग्लास उचलायचे, गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप द्यायचे आणि प्रसादही वाटायचे. मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. मग माझ्या मावशीकडे बघून म्हणाले, "मुलगी बसते आमच्यात." तेव्हा आम्ही सगळ्या त्यावर खूप हसलो होतो. मी फळी तोवर पाहिली नव्हती.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मला काउंटरच्या टोकाला बसवलं. काम एकच, बिलं लिहायची आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारायचा. शिक्क्याच्या पॅडची शाई गळकी होती, त्यामुळे माझं उजव्या हाताचं पहिलं बोट कायम निळं.

"वैनी, तुमी रोजच मतदान करता जणू," बाबालाल त्या दिवशी माझ्या बोटाकडे बघून म्हणाला.

"इथं आमचं मत कोण विचारतंय?" मी म्हणाले.

सगळे हसले. मामंजीसुद्धा.

बाबालाल मुजावर पन्नाशीचा होता. पसरणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या तीन गाड्या त्याच्याकडे असत, आणि त्या तीन गाड्यांवरच ते गॅरेज उभं होतं. बाकी गिऱ्हाईक म्हणजे पंक्चर आणि हवा. त्यातल्याच एका गाडीचा फिल्टर बदलायला तो आला होता. जुना फिल्टर त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. त्याच्यावरचा नंबर घासून गेला होता आणि तोंडावरचं रबरी कडं गाडीलाच चिकटून राहिल्यामुळे बाबालालनं ते खरवडून टाकून दिलं होतं. हातात राहिला नुसता डबा आणि त्याचे आटे.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. दुपारी मामंजी मागच्या खोलीत झोपले की मी देवाची माफी मागून फोटोखालचे कॅटलॉग काढून वाचायचे. दुसरं काही वाचायला मिळतच नव्हतं. त्या गाडीचे फिल्टर दोन होते. आटे तेच, उंची तीच, रंगही तोच. पण मागच्या वर्षापासून कंपनीनं पंप बदलला होता, त्यामुळे फिल्टर जिथे टेकतो ती बैठक थोडी रुंद झाली होती आणि नव्या फिल्टरचं रबरी कडं त्या मापानं मोठं केलं होतं. नंबरात फक्त शेवटचा आकडा वेगळा. नव्या नंबरचा एक फिल्टर कंपनीनं पाठवलेला होता, तो मीच भिंतीवरच्या मांडणीत, वरच्या फळीवर ठेवला होता.

"बाबालालभाऊ," मी म्हणाले, "गाडी कुठल्या सालची आहे?"

बाबालालनं सांगायला तोंड उघडलं.

"आट्याला साल नसतं," मामंजी म्हणाले.

बाकडं हसलं. बाबालालही हसला आणि त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मी बिलावर शिक्का मारला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होत होती. दुसऱ्या दिवशी ती गाडी सात लहान मुलं घेऊन निघाली आणि पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर बंद पडली. ड्रायव्हरनं उतरून चाकाखाली दगड लावला, डिझेल ओढायला फिल्टरवरचा हातपंप मारला, गाडी चालू केली. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. तिथे गाडी दोन हात मागे सरकली आणि मुलं रडायला लागली. ड्रायव्हरनं मुलांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि ही गाडी खाली आणली. सपाट रस्त्यावर ती छान पळत होती.

संध्याकाळी बाबालाल दुकानात आला.

"शेट, फिल्टर हवा वडतोय असं वाटतंय."

"थेंब तरी गळतोय का?"

"न्हाई."

"मग फिल्टर कसा काय? पाइप बघ."

बाकड्यानं माना हलवल्या. हे बोलणं ऐकून कुणालाही पटलं असतं. पण त्या जागी डिझेल टाकीतून ओढलं जात असतं. कडं नीट टेकलं नसेल तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत शिरते. सपाटीला चालून जातं. चढाला इंजिन जोर करायला लागलं की ते हवाच ओढतं आणि गुदमरतं. हे कॅटलॉगच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलेलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं, अरविंदनं, नटांच्या डब्यातून मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी बिलाच्या पुस्तकात मान घातली.

रात्री जेवताना विषय काढला तर अरविंद म्हणाला, "दुकानातलं घरी नको."

सकाळी दुकान उघडताना काढला तर म्हणाला, "घरचं दुकानात नको."

बाबालालनं पाइप बदलले. गाडी पुन्हा तिसऱ्या वळणावर बंद पडली. त्यानं वायसर बदलली, मग टाकी उतरवून धुतली. पुढच्या दिवशी तो आला तेव्हा डिझेलनं त्याचे डोळे लाल झाले होते आणि हातांची कातडी पांढरी पडून सुटली होती. त्यानं फिल्टरचा दुसरा पीस मागितला. मामंजींनी त्याच खोक्यातला दुसरा दिला, फळीवर फिरवून दिला, डोळे मिटून.

तो गेल्यावर बाकड्यावर बोलणं व्हायचं, ते मी माझ्या टोकाला बसून ऐकायचे. पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, "पाइप गेला असंल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हात ढिला झालाय त्याचा, वय झालं." तिसऱ्या दिवशी आवाज खाली करून म्हणाले, "तोंडाचा वास घेतलाय का कुणी?"

बाबालालनं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. पाच वेळची नमाज पढणारा माणूस. हे बाकड्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी त्यातला एक जण म्हणाला, "मघाशी जरा डोळं तांबडं दिसत हुतं खरं." आणि दुसऱ्यानं चहाचा घोट घेता घेता मान हलवली. मला त्या घोटाचा आवाज अजून ऐकू येतो. त्या क्षणी त्या सगळ्यांची, त्यांच्या चहाची, त्यांच्या ओठांवरच्या सायीची मला इतकी शिसारी आली की मी बिलाचं पुस्तक मिटून उगाचच मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

गुरुवारी कळलं, शाळेचे घाडगे साहेब, ज्यांच्या ताब्यात गाड्या होत्या ते, बाबालालला सांगून गेले होते. शुक्रवारी गाडी घाट चढली नाही तर तिन्ही गाड्या साताऱ्याच्या गॅरेजला जाणार.

त्या दुपारी मामंजी झोपले होते आणि अरविंद साताऱ्याला गेला होता. बाबालालनं परत आणून टाकलेला जुन्या नंबरचा एक फिल्टर काउंटरखाली पडला होता. मी त्याचं कडं शिक्क्याच्या पॅडवर दाबलं आणि एका कोऱ्या बिलाच्या पाठीवर उमटवलं. निळा गोल उठला. मग स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा नव्या नंबरचा फिल्टर काढला, त्याचंही कडं पॅडवर दाबलं आणि पहिल्या गोलाच्या बाहेरून बरोबर मधे धरून उमटवलं. दोन गोल, एकात एक. मधे नखाएवढी पांढरी फट. त्या फटीतून सात मुलांची गाडी बंद पडत होती.

नव्या फिल्टरचं कडं मी फडक्यानं पुसलं. कड्याच्या खाचेत शाई राहिली. म्हटलं, असू दे.

मामंजी उठून बाहेर आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, किती हळू बोलायचं. कॅटलॉगही काढून ठेवला होता. पण मला काही बोलावं लागलंच नाही. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, कागदाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "वरच्या फळीवरचा ना?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गाडी दुसऱ्यांदा खाली आली तवा."

"मग दिला का नाहीत त्याला?"

त्यांनी चुना लावला. माझ्याकडे नव्हते बघत, फळीकडे बघत होते.

"पन्नास वर्सं गाव ह्या फळीवर इस्वास ठेवतंय. उद्या गाव म्हणणार, तात्याला आता दिसत न्हाई, सून पुस्तकात बघून सांगती." अंगठ्यानं तंबाखू मळत ते अगदी शांतपणे बोलत होते. "उद्या घाडगे येणार हाय. हा पीस जुन्या खोक्यात घाल. खोकं तेच, नंबर तोच. गाडी चालंल, पोरं वर जातील. कुणाचं काय जात न्हाई."

"बाबालालभाऊंचं?"

"पिसापिसात फरक असतोय म्हणून सांगू."

"आणि ते दारूचं?"

त्यांनी तंबाखू ओठात धरली, माझा कागद उचलला, दोन तुकडे केले आणि त्यानं फळीवरचा सांडलेला चुना पुसून घेतला. मग तो बोळा माझ्यापुढच्या टोपलीत टाकला.  

त्यांचा आवाज चढला असता तर कदाचित मी भांडले असते. पण ते मऊपणे म्हणाले, "तू हुशार हाईस, वैजयंता. दुकान पुढं तुलाच बघायचंय."

शुक्रवारी सकाळी गाडी दुकानाच्या दारात उभी होती. घाडगे साहेब खाली उतरून हाताची घडी घालून उभे राहिले. बाकडं भरलेलं होतं, बाजूच्या दुकानांतलेही दोघे-तिघे आले होते. बाबालालचा शर्ट धुतलेला होता. मामंजींनीच सुचवलं होतं की काम इथेच, सगळ्यांसमोर व्हावं.

"वैजयंता," ते म्हणाले, "दे त्याला नवा पीस."

मी काउंटरखालून जुन्या नंबरचं खोकं काढलं आणि बाबालालच्या हातात ठेवलं. त्यात काय होतं हे मला माहीत होतं, कारण ते आदल्या संध्याकाळी मीच भरलं होतं. झाकण चिकटपट्टीनं बंदसुद्धा केलं होतं, नीट, कोपरे दाबून.

बाबालालनं खोकं उघडलं. जुना फिल्टर सोडवून खाली फडक्यावर ठेवला. मग प्रत्येक मेकॅनिक करतो तेच त्यानं केलं, नव्या फिल्टरच्या कड्यावर डिझेलचं बोट गोल फिरवलं, म्हणजे रबर कोरडं बसून चिरत नाही. बोट फिरवता फिरवता तो थांबला. त्यानं बोट डोळ्यांसमोर धरलं. निळं झालं होतं.

त्यानं फडक्यावरचा जुना फिल्टर उचलला आणि दोन्हींची तोंडं एकमेकांवर टेकवून बघितली. मग मान वर करून दुकानात बघितलं. मामंजींकडे नाही, काउंटरच्या टोकाला. मी हात मांडीवर घेतले.

त्यानं फिल्टर बसवला, हातपंप मारला, गाडी चालू केली. घाडगे साहेब स्वतः शेजारी बसून ड्रायव्हरला घाटात घेऊन गेले. पाऊण तास सगळे तिथेच थांबले होते. बाबालाल पायरीवर बसून होता, बोटाकडे बघत.

गाडी परत आली. "चढली," घाडगे साहेब म्हणाले. "वरपर्यंत जाऊन आलो."

"मी सांगतच हुतो," मामंजी म्हणाले. "मालात खोट नव्हती. आज नीट बसवला त्यानं."

"मग तीन दिवस काय करत होतास रे?" घाडगे साहेब बाबालालला म्हणाले. माणूस वाईट नव्हता, उत्तर ऐकायला थांबला होता. बाबालाल उठून उभा राहिला. त्याचं बोट बघून साहेबांना जरा हसू आलं. "आणि हे काय? मत देऊन आलास का कुठं?"

"हे माझं मत न्हाई, साहेब," बाबालाल म्हणाला. "वैनींचं हाय. त्येन्लाच इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. कुणाला काही कळलं नव्हतं, फक्त वळले. मामंजींचा हात फळीवर होता तो तिथेच थांबला. अरविंद नटांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागला. साहेब म्हणाले, "काय वहिनी? कसलं मत?"

फिल्टर आम्ही चुकीचा दिला होता. एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, मला त्याची चव लागत होती. पण आदल्या दिवशीचं ते वाक्यही कानात होतं, दुकान पुढं तुलाच बघायचंय. मी मामंजींकडे बघितलं, आणि मला ऐकू आलं की मी बोलते आहे.

"बसला ना आता नीट?"

बाबालालनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं बोट पँटला पुसलं, पाने-हत्यारं गोळा करून पिशवीत टाकली.

"बसला, वैनी," तो म्हणाला. पायरी उतरल्यावर मागे वळला. "तुमीबी बसलासा."

बाकडं हसलं. त्यांना वाटलं, मी स्टुलावर बसलेली आहे म्हणून म्हणाला.

घाडगे साहेबांनी त्याच आठवड्यात तिन्ही गाड्या साताऱ्याला लावल्या. तीन दिवस ज्याला साधा फिल्टर बसवता आला नाही त्याच्या हातात लहान मुलांची गाडी कशी द्यायची, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. उन्हाळ्यात बाबालालनं गॅरेजचा पत्रा उतरवला आणि मुलीकडे मिरजेला निघून गेला. जाताना बाजारपेठेतून गेला, पण आमच्या दारावरून नाही, पलीकडच्या बाजूनं. याला आता सत्तावीस वर्षं झाली. मामंजी गेले, दुकान खरंच माझ्याकडे आलं. नंबर आता कॉम्प्युटर सांगतो. गावात माझं नाव आहे, शेटेवहिनींचा पार्ट कधी चुकत नाही असं म्हणतात.

पण त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. गाडी गेली, माणसं पुन्हा बाकड्यावर बसली आणि चहा आला. चहा नेहमी आधी बाकड्याला जायचा, मग मामंजींना, मग अरविंदला, आणि उरला तर मला. त्या दिवशी मामंजी म्हणाले, "आधी सूनबाईला द्या."

ग्लास त्यांनी स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवला. कडेवर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता, ग्रीसचा आणि तंबाखूचा. मी तो पुसला नाही. तिथेच तोंड लावून चहा प्यायले.